कवचबीज चूर्ण, २०० ग्रॅम: माल चोख, लेबल अपुरे

रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या एका जुन्या दुकानातून आमच्या वहिनींनी या मार्चमध्ये कवचबीज चूर्णाचे २०० ग्रॅमचे पाकीट २४० रुपयांना आणले. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, दीड वर्षापूर्वी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळीने हाताचा कंप आणि चालण्यातला जडपणा बराच कमी झाला होता, पण गोळी घेतल्यावर तासाभरात त्याला मळमळू लागे आणि समोरचे ताट तसेच राही. सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी हे चूर्ण सुचवले आणि वहिनींनी गोळीच्या जोडीने ते चार दिवस दादाला दिले. पाचव्या दिवशी पाकीट माझ्यासमोर आले. ‘‘वन्सं, तुम्ही आयुष्यभर हेच शिकवलंत, एकदा नीट बघून सांगा,’’ एवढेच त्या म्हणाल्या. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी २८ वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आणि त्यातली कितीतरी वर्षे शरीरात चेतासंदेशवाहक अमाइने, म्हणजे चेतापेशींचे संदेश पोहोचवणारी रसायने, तयार करणाऱ्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, व्याख्याने दिली. हे परीक्षण त्या अभ्यासाच्या आधारावर लिहिले आहे. दुकानाचे आणि पाकीट भरणाऱ्या उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. नंतर मी निरनिराळ्या दुकानांतून आणखी तीन पाकिटे आणून पाहिली आणि ज्या उणिवेबद्दल मला लिहायचे आहे, ती चारही पाकिटांवर सारखीच होती.

आधी मालाविषयी. कवचबीज म्हणजे आपल्या रानातली खाजकुइली, संस्कृत ग्रंथांतली कपिकच्छू. तिच्या शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो. ती खाजही एका विकराचीच करणी आहे, म्युक्युनेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर त्या लवेत असते. आतले बी मात्र गुळगुळीत, चकचकीत आणि दिसायला अगदी निरुपद्रवी असते. पाकिटातले चूर्ण फिकट राखाडी होते आणि काळ्या सालीचे कण त्यात क्वचितच दिसत होते, म्हणजे बी सोलूनच दळलेले होते. मैद्याच्या चाळणीतून ते जवळजवळ सगळे खाली उतरले. खवट वास नव्हता, किडीचे जाळे नव्हते, चव कच्च्या वालाच्या पिठासारखी आणि मागाहून जिभेवर राहणारी तुरट होती.

घरच्या घरी एक साधी तपासणीही केली. स्टीलच्या दोन वाट्यांत पाणी घेऊन दोन्हींत अर्धा अर्धा चमचा चूर्ण कालवले आणि एकीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. सोड्याच्या वाटीतले पाणी पाहता पाहता तपकिरी झाले आणि दुपारपर्यंत फार वेळ उकळलेल्या चहासारखे काळसर पडले. दुसऱ्या वाटीतले पाणी तेवढ्या वेळात जेमतेम मळकट झाले. चूर्णातला एल-डोपा हा पदार्थ, दादाच्या गोळीतले मुख्य औषधही तोच, अल्कधर्मी पाण्यात हवेतल्या प्राणवायूशी झपाट्याने संयोग पावतो आणि काळा पडतो. चिरलेले वांगे किंवा बटाटा काळा पडतो, तोही याच कुळातल्या रसायनांमुळे. अशी काळसर होणारी इतर वनस्पतिद्रव्येही असतात, त्यामुळे ही तपासणी पक्की नव्हे आणि डोपा किती आहे हे तर तिच्यावरून मुळीच कळत नाही. तरीही रंग, चव आणि ही वाटी यांवरून हा माल भेसळीचा नाही, इतके मी विश्वासाने म्हणू शकते.

डोपा किती आहे, हाच या उत्पादनाबाबतचा खरा प्रश्न आहे आणि पाकिटावर त्याचे उत्तर कोठेही छापलेले नाही.

खाजकुइलीच्या बियांतून एल-डोपा वेगळा करण्याचे काम १९३७ मध्ये एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, जर्मनीत पीटर होल्ट्झ यांना सस्तन प्राण्याच्या मूत्रपिंडात असे एक विकर सापडले, जे याच डोपाचे रूपांतर डोपामिन या संदेशवाहक रसायनात करते. त्याचे नाव डोपा डीकार्बॉक्सिलेज. बियांतला पदार्थ आणि त्यावर काम करणारे शरीरातले विकर असे एका वर्षाच्या अंतराने प्रकाशात आले. मात्र विकर आधी दिसले ते मूत्रपिंडात, मेंदूत नव्हे, हा तपशील मी वर्गात नेहमी ठासून सांगत असे, कारण पुढची सगळी अडचण त्यातच आहे. मेंदूत डोपामिनला स्वतःचे काम असू शकते, हे कळायला आणखी वीस वर्षे जावी लागली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना डोपा टोचला आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. रिसर्पिन हे आपल्याकडच्या सर्पगंधेतले द्रव्य. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो मेंदूतल्या संदेशवहनावरच्या संशोधनासाठी.

शरीर डोपामिन कसे बनवते, हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पाकिटावरच्या दाव्यांची छाननी करता येत नाही. आपल्या जेवणातल्या प्रथिनांमधून टायरोसिन नावाचे अमिनो आम्ल मिळते. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर त्याचा डोपा बनवते आणि डोपा डीकार्बॉक्सिलेज त्या डोपाचे डोपामिन करते. पहिले विकर फार मोजूनमापून चालते: त्याला लोह लागते, प्राणवायू लागतो, टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा साहाय्यक लागतो, आणि डोपामिन पुरेसे साठले की तेच डोपामिन या विकराला आवर घालते. या विकराचा शोध १९६४ मध्ये नागात्सू, लेव्हिट आणि युडेनफ्रेंड यांनी लावला आणि साऱ्या साखळीचा वेग तेच ठरवते हे तेव्हापासून मानले गेले. काही पेशी डोपामिनवर न थांबता पुढे जातात. त्यांच्यातले डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज हे तांबे असलेले विकर क जीवनसत्त्वाच्या मदतीने नॉरॲड्रिनॅलिन तयार करते आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत आणखी एक विकर त्याचे ॲड्रिनॅलिन करते. कंपवातात मध्यमेंदूतल्या काळसर पट्ट्यातल्या, म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि त्यांच्याबरोबर पहिले विकरही जाते. बाहेरून डोपा दिला तर ही पहिली पायरी ओलांडता येते. गोळीतला लेव्होडोपा आणि बियांतला एल-डोपा हे रेणू एकच आहेत, त्यामुळे ‘हे नैसर्गिक आणि ते रासायनिक’ या भेदाला इथे काही अर्थ उरत नाही.

दुसरे विकर, डोपा डीकार्बॉक्सिलेज, तसे मोजूनमापून वागत नाही. ते लहान आतड्याच्या अस्तरात आहे, यकृतात आहे, मूत्रपिंडात तर भरपूर आहे, आणि समोर डोपा आला की ते त्याचे डोपामिन करून मोकळे होते. रक्तात तयार झालेले हे डोपामिन मेंदूला मिळत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर डोपाला वाहकाच्या मदतीने ओलांडता येतो, डोपामिनला येत नाही. म्हणून नुसता डोपा पोटात घेतला तर त्यातला अगदी थोडा भाग, शंभरातले काही मोजके भाग, मेंदूपर्यंत पोहोचतो आणि बाकीचा वाटेतच खर्ची पडतो. आणि तो वाया जाऊन गप्प बसत नाही. उलटीची जाणीव ज्या भागात उमटते तो मेंदूच्या तळाकडचा भाग या अडसराच्या बाहेर आहे, तिथे हे डोपामिन पोहोचते आणि माणसाला मळमळते. रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होऊन उभे राहिल्यावर रक्तदाबही उतरू शकतो.

यावर तोडगा म्हणून गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा घातलेले असते. कार्बिडोपा हे डोपा डीकार्बॉक्सिलेजला रोखते, पण स्वतः मेंदूत शिरू शकत नाही. आतड्यातले आणि यकृतातले विकर त्याने थोपवले जाते, मेंदूतले मोकळे राहते आणि डोपाचे डोपामिन जिथे व्हायला हवे तिथेच होते. इतकी नेमकी युक्ती औषधशास्त्रात मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. ही युक्ती किती मोलाची आहे, याचा अंदाज लंडनमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीवरून येतो. आठ रुग्णांना कधी खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण आणि कधी नेहमीचे औषध, कोणते ते न सांगता, देण्यात आले. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण कार्बिडोपासह दिलेल्या २०० मिलिग्रॅम लेव्होडोपाच्या मात्रेपेक्षा लवकर आला आणि अधिक वेळ टिकला, ही गोष्ट चूर्णाच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. मात्र त्या ३० ग्रॅममध्ये सुमारे १००० मिलिग्रॅम डोपा होता. कार्बिडोपाची सोबत नसेल तर केवढा डोपा ओतावा लागतो, हे त्यावरून दिसते.

आता आमच्या घरातला हिशेब. पाकिटावर मात्रा लिहिली आहे ती अशी: ‘१ ते २ चमचे, दिवसातून दोन वेळा, कोमट दुधातून.’ स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मी वहिनींचाच चमचा तोलला. सपाट चमच्यात ३ ग्रॅम चूर्ण बसले आणि त्या देत होत्या तसा शिगोशीग भरला तेव्हा ५ ग्रॅम. या बियांत डोपाचे प्रमाण जातीनुसार, जमिनीनुसार आणि प्रक्रियेनुसार बदलते. ते साधारण ३ ते ६ टक्क्यांच्या आसपास धरले, तर शिगोशीग एका चमच्यात १५० ते ३०० मिलिग्रॅम डोपा झाला. दादाच्या एका गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा होता. म्हणजे ‘सोबतीला थोडी पावडर’ म्हणून दिलेला एकेक चमचा दीड ते तीन गोळ्यांच्या बरोबरीचा होता आणि नेमका किती, हे ना वहिनींना ठाऊक होते, ना दुकानदाराला.

शिवाय दादा गोळी घेतच होता. गोळीतले कार्बिडोपा कोणता डोपा गोळीतला आणि कोणता चमच्यातला, हे ओळखत नाही. ते विकराला रोखते आणि त्या आडोशाने चूर्णातला डोपाही काही प्रमाणात पुढे सरकतो. त्यामुळे ज्याची गोळी चालू आहे, त्याच्यासाठी हे चूर्ण म्हणजे औषधाची न मोजलेली जादा मात्रा ठरते. आजार जुना झालेल्या रुग्णांत अशा जादा मात्रेने मान, हात आपोआप वेडेवाकडे हलू लागण्याची भीती असते. दादाच्या बाबतीत ते झाले नाही. त्याच्या गोळीत कार्बिडोपा १० मिलिग्रॅमच होते, दिवसाच्या तीन गोळ्यांचे मिळून ३०. शरीरभरातले हे विकर नीट थोपवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. आधीच अपुऱ्या असलेल्या त्या बांधावर चमच्याचमच्याने डोपा येऊन आदळला आणि मेंदूबाहेर डोपामिन साठत गेले. चौथ्या दिवशी सकाळी दादा अंथरुणातून उठला तो भिंतीला टेकूनच उभा राहिला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि लगेच उलटी झाली. बसून घेतलेला वरचा रक्तदाब १२८ होता, उभे राहिल्यावर ९८. वहिनींनी त्याच दिवशी चूर्ण बंद केले, हे त्यांचे शहाणपण.

लेबलवरच्या इतर मजकुराकडेही लक्ष वेधायला हवे. दुधातून घेण्याचा सल्ला परंपरेला धरून आहे. आयुर्वेदात ही बी दुधात शिजवून शुद्ध करण्याची रीत आहे आणि तिचा मला आदर आहे. परंतु आतड्यात आणि पुन्हा मेंदूच्या अडसरावर डोपाला ज्या वाहकांतून आत जावे लागते, त्याच वाहकांवर दुधातल्या प्रथिनांपासून सुटणारी काही अमिनो आम्लेही हक्क सांगतात. त्यामुळे कंपवाताच्या रुग्णाला डोपा भरपूर प्रथिनांच्या जोडीने देणे सोयीचे नसते. दुसरे, ‘डोपामिन व सेरोटोनिन दोन्ही वाढवते’ हे ठळक अक्षरांतले वाक्य. सेरोटोनिन, म्हणजे डोपामिनसारखेच दुसरे एक संदेशवाहक रसायन, टायरोसिनपासून बनतच नाही. ते ट्रिप्टोफॅनपासून बनते आणि त्याची पहिली पायरी ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज या वेगळ्या विकराकडे असते. शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यातल्या पेशी बनवतात. फक्त शेवटची पायरी दोघांची सामाईक आहे, तेच डोपा डीकार्बॉक्सिलेज. एकाच विकरासमोर डोपाची गर्दी झाली तर सेरोटोनिनच्या वाट्याला ते अधिक कसे येईल? उलट प्राण्यांवरच्या प्रयोगांत असे दिसले आहे की बाहेरून दिलेला डोपा सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशींत शिरतो, तिथल्या या विकराने त्याचे डोपामिन होते आणि त्या पेशींना डोपामिन आवरून धरता येत नसल्यामुळे ते अनिर्बंधपणे बाहेर पडते. छापील वाक्याला आधार नाही, ते काढून टाकावे.

त्याच दुकानात याच उत्पादकाच्या कॅप्सुलाही आहेत आणि त्यांत ‘अधिक शक्तीसाठी’ बी-६ जीवनसत्त्व मिसळलेले आहे. डोपा डीकार्बॉक्सिलेज चालते ते याच जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या पायरिडॉक्सल फॉस्फेटच्या जोरावर. कार्बिडोपा न घेणाऱ्या माणसाने डोपा आणि वरून बी-६ घेतले, तर मेंदूबाहेरचे विकर अधिकच जोमाने काम करते आणि मेंदूच्या वाट्याला उरतो त्याहून कमी डोपा. कार्बिडोपा पुरेसे चालू असेल तर ही काळजी बरीचशी मिटते, पण कॅप्सूल विकताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. कॅप्सुला मी घेतल्या नाहीत.

दुकानाच्या सेवेबद्दल मात्र चांगलेच लिहायला हवे. मी स्वतः गेले तेव्हा दुपारची वेळ होती आणि गल्ल्यावरच्या गृहस्थांनी गिऱ्हाईक थांबवून माझे सगळे ऐकून घेतले. लाकडी खणांतून त्यांनी सोललेले आणि न सोललेले बी काढून कागदावर ओतून दाखवले. पाकिटावरची भरल्याची तारीख ताजी होती आणि बिलही न मागता मिळाले. डोपाच्या प्रमाणाचा तपासणी अहवाल विचारला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, आमच्या आजोबांपासून हे विकतोय, पण टक्केवारी आजवर कुणी विचारली नाही. कंपनीला विचारून सांगतो.’’ आठ दिवसांनी त्यांचा खरोखरच फोन आला: असा अहवाल कंपनीकडे नाही. एवढे स्पष्ट सांगितल्याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. दोष विकणाऱ्याचा कमी आणि भरणाऱ्याचा अधिक आहे. पुण्यात खाजगी तपासणी प्रयोगशाळा आहेत, डोपाचे प्रमाण मोजणे हे क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावरचे नेहमीचे काम आहे, आणि प्रत्येक घाणीचा, म्हणजे एका वेळी दळलेल्या मालाचा, एक नमुना तपासून पाकिटावर ‘दर ग्रॅममागे इतके मिलिग्रॅम एल-डोपा’ असा शिक्का मारणे उत्पादकाला जड जाऊ नये.

माझे मत असे. निवडलेले, सोललेले, बारीक दळलेले चूर्ण म्हणून हा माल २४० रुपयांना रास्त आहे. कंपवाताच्या रुग्णासाठी आज ज्या रूपात तो विकला जातो, त्या रूपात मी तो कोणालाही सुचवणार नाही, आणि ज्यांची लेव्होडोपाची गोळी चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक चमचाही घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. चमच्यात डोपा किती आहे हे ठाऊक नसेल, तर डॉक्टरांनाही गोळीचे माप बसवता येणार नाही.

दादाच्या डॉक्टरांना आम्ही पाकीट, चमचा आणि वजनांचा कागद असे सगळेच नेऊन दाखवले. त्यांनी चूर्ण बंदच ठेवायला सांगितले आणि गोळी बदलली: लेव्होडोपा तेवढाच, १०० मिलिग्रॅम, पण कार्बिडोपा १० ऐवजी २५. दिवसाचे ७५ झाले. दोन आठवड्यांत मळमळ जवळजवळ थांबली आणि परवाच्या रविवारी दादाने दुसऱ्यांदा आमटी-भात मागून घेतला. उरलेले चूर्ण, अंदाजे १६५ ग्रॅम, घट्ट झाकणाच्या बरणीत माझ्याकडे आहे. कोणा उत्पादकाने डोपाचे प्रमाण छापलेले पाकीट बाजारात आणले, तर ते या बरणीशेजारी ठेवून मी पुन्हा परीक्षण लिहीन.